चौदा क्लासची एकच तनुजा

लातुरात नीटचा निकाल लागतो त्या दिवशी दोन माणसांना मरायलाही सवड नसते. एक फ्लेक्स छापणारा आणि दुसरा वैजनाथ. फ्लेक्सवाल्याकडं निदान चार मशिनी तरी होत्या. वैजनाथकडं एक लॅपटॉप, एक डुगडुगणारं टेबल आणि ट्यूशन एरियातल्या एका मेसच्या वरची खोली एवढंच भांडवल. खालच्या फोडणीचा ठसका दिवसभर वर यायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा. ह्या खोलीतून तो चौदा कोचिंग क्लासेसची चौदा मोबाइल ॲप चालवत होता.

चौदा आपलं म्हणायचं. खरं तर ॲप एकच होतं. आतला कोड सगळा एक: हजेरी तीच, सराव परीक्षा तीच, पालकांना जाणारा मेसेजही तोच. फक्त प्रत्येक क्लासच्या नावानं एकेक फोल्डर केलेलं होतं आणि त्यात त्या क्लासचं नाव, लोगो, रंग आणि गुणवंतांचे फोटो ठेवलेले होते. वैजनाथ एक कमांड द्यायचा, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा आणि पाऊण तासात त्या एकाच कोडातून चौदा बिल्ड, म्हणजे फोनवर टाकायला तयार चौदा ॲप, बाहेर पडायची. कुणाचं निळं, कुणाचं भगवं, कुणाचं पोपटी. सुधारणा करायची तर एकदाच करायची, चौदाही सुधारतात. आणि चूक झाली तर चौदाही चुकतात, हे सांगायला नकोच.

ही अक्कल त्याला पुस्तकातून आली नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं गाव भुईसपाट झालं. बाप गेला, पाळण्यातली बहीण गेली. वैजनाथ तेव्हा सात वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं काढल्यावर नवं गाव बांधून मिळालं, एकाच नकाशावर साडेचारशे घरं. दार त्याच बाजूला, खिडकी त्याच बाजूला, मोरीसुद्धा त्याच कोपऱ्यात. पहिले महिना-दोन महिने माणसं सर्रास दुसऱ्याच्या घरात शिरायची. गल्लीतली सरजाबाई दोनदा त्यांच्या घरात येऊन चुलीपुढं बसली आणि वर वैजनाथच्या आईलाच म्हणाली, "कस्तुरे, तू माझ्या घरात काय करलालीस?" मग लोकांनी दारं रंगवली तेव्हा कुठं ज्याचं घर त्याला सापडायला लागलं. पुढं वैजनाथनं आपला धंदा आईला समजावून सांगितला तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "म्हंजी आपल्या गावावानीच की. घर एकच, दारं येगळी." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्याला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत निलंग्याकडचा, घरी कानडी बोलणारा एक तरुण मास्तर शिकवायला यायचा. मडिवाळप्पा सर. पोरं रडायला लागली की पाढे म्हणायला लावायचे आणि पाढे म्हणताना पोरं रडलीच तर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. दहावीनंतर सरांनीच वैजनाथला लातूरला आणलं, स्वतःच्या घरी जेवू घातलं आणि फी न घेता केमिस्ट्री शिकवली. पुण्याची नोकरी सोडून वैजनाथ परत आला तेव्हा पहिलं ॲप त्यानं सरांच्याच क्लाससाठी केलं. सरांच्या साठ पोरांना ॲपची काही गरज नव्हती, ती एका फळ्यावर मावत होती. पण पोराच्या हाताला काम नाही म्हणून सरांनी ते करून घेतलं. बाकीची तेरा त्याच्यावरून निघाली.

ती विकली अरीबनं. अरीब म्हणजे वैजनाथचा भागीदार, लातूरचाच, गंजगोलाईत त्याच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं अत्तराचं दुकान. बोलायचं काम त्याचं, करायचं काम वैजनाथचं. अरीब स्कूटीवरून क्लास-क्लास फिरायचा, लोगो आणि फोटो गोळा करायचा आणि प्रत्येक क्लासवाल्याला छातीवर हात ठेवून सांगायचा, "सर, हे ॲप खास तुमच्यासाठी बनवलंय. दुसऱ्या कुणाला देणार नाही." तेरा वेळा त्यानं छातीवर हात ठेवला होता. ह्या क्लासवाल्यांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य, त्यामुळं त्यांनी एकत्र बसून ॲप ताडून बघायची भीती नव्हती.

तर त्या दिवशी दुपारी निकाल लागला आणि संध्याकाळपर्यंत अरीबनं दोनशे बारा फोटो पाठवले. कुठला पोरगा कुठल्या क्लासचा, ते फोटोखाली लिहिलेलं. सगळ्यांना रात्रीच्या आत आपल्या ॲपवर आपले गुणवंत पाहिजे होते. वैजनाथ फोटो उचलत होता आणि फोल्डरात टाकत होता. मान आखडली होती, फोन तापला होता, आणि शंभर फोटोंनंतर त्याला चेहरे दिसायचे बंद झाले होते. दिसत होती फक्त फाइलींची नावं.

त्यात एक फोटो होता तनुजाचा. अर्धापूरच्या केळी लावणाऱ्या शेषेरावांची पोरगी, देशात एकशे सत्तरावी आलेली. घट्ट वेणी, हिरवी ओढणी, फोटो काढणाऱ्यावर थोडी रागावलेली. तिच्या फोटोखाली अरीबनं लिहिलं होतं, मडिवाळप्पा सर. फोटो जायला पाहिजे होता सरांच्या फोल्डरात. तो गेला 'कॉमन'मध्ये.

कॉमन हे फोल्डर सगळ्यांचं. सगळ्या ॲपना लागणाऱ्या बारीकसारीक चित्रांची ती जागा: घंटेचं चित्र, बाणाचं चित्र, गोल फिरणारं चक्र. त्यातलं जे काही असेल ते चौदाही ॲपमध्ये जातं. आणि फोटोला चौकट लावण्याचा कोड वैजनाथनं स्वतः मोठ्या हौसेनं लिहिलेला होता. फोटो सापडला की त्याला त्या-त्या क्लासच्या रंगाची चौकट बसायची, वर लोगो यायचा आणि खाली ओळ यायची, 'आमच्या क्लासचा अभिमान.' झालं. पोरगी चौदा रंगांत नटून चौदा क्लासचा अभिमान होऊन बाहेर पडली.

आता कुणी म्हणेल, बाहेर पाठवण्याआधी कुणी तपासलं नाही का? तपासलं. अरीबनं तपासलं. पहिल्या ॲपात तनुजा दिसली, दुसऱ्यात दिसली, तिसऱ्यात दिसली, आणि त्याला काडीचंही नवल वाटलं नाही. लातुरात एखादं हुशार पोर वर्षभर एका क्लासला जातं, सराव परीक्षा दुसरीकडं देतं आणि शेवटचे आठ दिवस तिसरीकडं बसतं. निकाल लागला की तिघंही शाल-नारळ घेऊन त्याच्या बापाच्या दारात. एक चेहरा चार फ्लेक्सवर दिसला तर इथं कुणी रिक्षा थांबवून बघत नाही. अरीबला वाटलं, ह्या पोरीची भलतीच मागणी आहे, सगळ्यांनी तिला आधीच गाठलेलं दिसतंय. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक दोन मिनिटांत सापडली असती.

आणि क्लासवाले? एकानंही फोन केला नाही. प्रत्येक मालकाला वाटलं, आपल्या मॅनेजरनं पोरगी पटवली. प्रत्येक मॅनेजरला वाटलं, साहेबांनी परस्पर काम केलं. खूश होऊन त्यांनी आपापल्या ॲपवरूनच फोटो उचलला आणि फ्लेक्सवाल्याकडं पाठवला. सकाळी औसा रोडवर खांबाखांबाला तनुजा लटकत होती.

सकाळी दहाला जिन्यात पावलं वाजली. एकेक पायरी थांबत थांबत कुणीतरी चढत होतं. मडिवाळप्पा सर होते. त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते.

"सर, तुम्ही कशाला चढून आलाव? मला बोलवायचं की," वैजनाथ खुर्ची पुढं सरकवत म्हणाला.

"येनप्पा वैजू, बोलवून बोलायचं काम न्हाई हे." सर बसले, दम खाल्ला, खिशातून फोन काढला. "सकाळी उदगीरचे एक पालक आले. पोराला घालायला आलते. मी तनुजाचा फोटो दाखवला. त्यांनी खिशातून तीन पत्रकं काढली, तिन्हीवर तनुजा. म्हणले, सर, ही पोरगी तर सगळ्यांकडंच शिकली म्हणं. तुम्ही पण तेच म्हणून राहिलाव का?" सरांनी फोन परत खिशात घातला. "खोटारडा म्हणले न्हाईत. हसले नुसते."

वैजनाथनं लॅपटॉप ओढला आणि कॉमन फोल्डर उघडलं. घंटा, बाण, चक्र आणि तनुजा.

"सर, माझी चूक हाय. माझ्या हातनं झाली."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अडतीस वर्षांत एक पोरगी अशी गावली वैजू, जिचं नाव घेऊन चार पोरं दारात येतील. ह्या जूनला चाळीस ॲडमिशन न्हाई झाल्या तर खोरी गल्लीतला हॉल सोडावा लागतो. घरमालकानं सांगून टाकलंय. दुरुस्त होती का तुझी चूक?"

"होती की सर. तासाभरात होती."

"मग झालं तर," सर म्हणाले आणि जिना उतरायला लागले. उतरताना त्यांना चढण्यापेक्षा जास्त त्रास होत होता.

अरीबला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. "वैजूभाई, जरा सबूर. आता तू फोटो काढलास तर तेरा फोन येतील. काय सांगशील? चुकून गेला? मग ते इचारतील, आमच्या ॲपातली चूक दुसऱ्याच्या ॲपात कशी गेली? एक कोड, चौदा ॲप, सगळं उघडं पडंल. मी ज्याच्या-त्याच्या तोंडावर कसम खाल्लीय रे."

"तुझी कसम मोठी का सरांचा हॉल?"

अरीबही माणूस वाईट नव्हता, फक्त त्यानं तेरा वेळा छातीवर हात ठेवला होता. वैजनाथनं फोटो कॉमनमधून उचलला, सरांच्या फोल्डरात टाकला आणि चौदा बिल्ड नव्यानं काढली. दुपारपर्यंत तनुजा तेरा ॲपमधून गेली आणि तेरा फोन आले. कालपर्यंत पोरगी होती, आज कुठं गेली? चारजणांनी शिव्या दिल्या. एकानं विचारलं, तिचा बाप फुटला काय? सर्वांत शेवटी औसा रोडवरच्या सात मजली अकॅडमीतून निरोप आला, डायरेक्टर साहेबांनी समक्ष बोलावलंय.

डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये एवढं गार होतं की वैजनाथच्या अंगावर काटा आला. साहेब शांत माणूस. त्यांनी आधी पाणी मागवलं, मग म्हणाले, "पोरगी काढली तुम्ही. आमची माणसं आज सकाळीच अर्धापूरला जाऊन आली. सत्कार झाला, वडिलांनी सही दिली. आता फोटो काढून कसं चालंल?"

"साहेब, ती तुमच्याकडं शिकलीच न्हाई."

"मग ॲपमध्ये कशी आली?"

वैजनाथ थकला होता, दोन दिवस थकला होता, आणि थकलेल्या माणसाला खोटं रचायचा कंटाळा येतो. त्यानं सगळं सांगून टाकलं. एक कोड, चौदा फोल्डरं, कॉमन. अरीबच्या कसमेसकट. सांगून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत बसला.

साहेब हसले. "अहो, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये दुसऱ्या क्लासचं ॲप होतं. नुसता रंग येगळा. आम्ही काय म्हणालो का? आमच्या सगळ्यांच्या नोट्स तरी कुठं येगळ्या हैत?" मग पुढं वाकून त्यांनी विचारलं, "पण मग पोरगी खरी कुणाची?"

आणि वैजनाथ बोलत सुटला. मडिवाळप्पा सरांची. दोन वर्षं तिथंच, दुसरीकडं कुठंच नाही. सर कसे प्रत्येक पोराला रोज एकदा फळ्याशी उभं करतात, पोर चुकलं तर खडू त्याच्याच हातात ठेवतात आणि बरोबर येईपर्यंत वर्गाला थांबवतात. भूकंपानंतर शेडमध्ये कसं शिकवलं. फिजिक्स-बायोलॉजीला दोन निवृत्त प्राध्यापक सरांच्या शब्दाखातर कसे येतात. साहेबांनी पॅडवर नाव लिहून घेतलं. "हॉल कुठं म्हणालाव?" वैजनाथनं पत्ता दिला, फोन नंबर दिला. त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी सरांबद्दल इतकं मन लावून विचारत होतं.

"फोटोचं बघू मग," साहेब म्हणाले. "चार दिवस थांबा."

पण खांबावरचे फ्लेक्स काही उतरले नव्हते. ॲपमधून फोटो काढला म्हणून रस्त्यावरचा कोण काढतो? त्यातून निघायला एकच वाट वैजनाथला सुचली: पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो नांदेडला गेला, तिथून अर्धापूरला. जूनचं ऊन, खिडकीतून येणारी गरम हवा, आणि मांडीवर लॅपटॉपची बॅग. घर विचारायला लागलं नाही. स्टॅंडवरच्या रिक्षावाल्यानंच विचारलं, "तनुजाकडं ना? कोणत्या क्लासचे?"

शेषेराव केळीच्या बागेला लागून असलेल्या घराच्या ओसरीत बसले होते. सत्कार घेऊन घेऊन माणूस शिणला होता. मागच्या भिंतीला आठ सन्मानचिन्हं, खाटेवर शालींची चवड.

"या साहेब. तुम्ही कोणत्या क्लासचे?"

"कोणत्याच न्हाई."

"मंग बसा निवांत," शेषेराव म्हणाले आणि खरोखरच त्यांचे खांदे सैल झाले.

वैजनाथनं विचारलं, एवढ्या सह्या कशा दिल्या? शेषेरावांना प्रश्नच विचित्र वाटला. "त्यांनी मोबाइलात दाखवलं ना. पोरीचा फोटो, वर त्यांचं नाव. मोबाइलात आलं म्हंजी खरंच असंल. दोन वर्षं लातुरात व्हती, मला वाटलं शिकली असंल समद्यांकडं. एवढ्या लोकांनी आपल्या लेकराला शिकवलं, आपून एक सही द्याया मागं सरावं का?"

वैजनाथला मान वर करवेना. त्याच्या हातून एक फाइल चुकीच्या जागी पडली होती, आणि हा माणूस त्यापायी आठ परक्यांचे उपकार मानून बसला होता.

आतून तनुजा आली. फोटोतल्यासारखीच रागावलेली. "मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिले दादा. पण बाबा म्हणतात, शाल घेऊन दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं."

"कसं म्हणावं मंग? तूच सांग," शेषेराव म्हणाले.

वैजनाथनं दोघांनाही सगळं सांगितलं. ऐकून शेषेरावांनी खाटेवरच्या शाली एका बाजूला सारल्या. "म्हंजी तुमच्या चुकीनं आलं हे समदं?" त्यांनी विचारलं. "लई आलं बाबा." आवाजात राग नव्हता, नुसतं ओशाळलेपण होतं, आणि ते वैजनाथला जास्त लागलं.

तनुजानं फोनपुढं उभं राहून एका दमात सांगितलं. "मी तनुजा. मी मडिवाळप्पा सरांची विद्यार्थिनी. दोन वर्षं खोरी गल्लीतल्या एकाच हॉलमध्ये शिकले, दुसरीकडं कुठंच गेले न्हाई. पहिल्या टेस्टला मला केमिस्ट्रीत सतरा मार्क होते. मी घरी निघाले होते, बॅग भरली होती. सर स्टॅंडवर आले आणि म्हणाले, सतरा मार्कांची बरोबर उत्तरं दिलीस ना, मग तिथनं सुरू करू. मी जी काही हाय ती सरांमुळं हाय." बेचाळीस सेकंद. पुन्हा घ्यावं लागलं नाही.

परतीच्या एसटीत वैजनाथनं तो व्हिडिओ सहा वेळा बघितला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण काहीतरी नीट केलं. हा व्हिडिओ सरांच्या ॲपवर टाकायचा, पालकांच्या ग्रुपवर सोडायचा. चाळीस काय, शंभर ॲडमिशन होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांच्या घरी गेला. सरांच्या बायकोनं, शरणम्मानं, दार उघडलं. तिचा चेहरा उजळलेला होता. "ये बाबा. चांगल्या वेळेला आलास. शिरा केलाय."

सर आत कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून बसले होते. वैजनाथनं कधी त्यांना इस्त्रीच्या शर्टात बघितलं नव्हतं.

"तुझे डायरेक्टर साहेब आलते काल," सर म्हणाले. "स्वतः आले, घरी. पाया पडले. म्हणले, वैजनाथनं तुमच्याबद्दल एवढं सांगितलं की राहवलं न्हाई. केमिस्ट्रीचे प्रमुख म्हणून या. लिफ्ट हाय, माइक हाय, खुर्ची हाय. माझ्या नऊ पोरांनाही घेतो म्हणले."

"नऊच ॲडमिशन झाल्या?"

"नऊच. नऊ पोरांत हॉल निघत न्हाई वैजू."

वैजनाथला हळूहळू उमगत गेलं. साहेबांना पोरगी पाहिजे होती, आणि पोरीला कायदेशीर घरात आणायचा सोपा रस्ता त्यानंच दाखवला होता, पत्ता आणि फोन नंबरासकट. सर अकॅडमीचे झाले की सरांची पोरगी अकॅडमीची झाली. त्यात आता खोटं काहीच उरलं नव्हतं.

त्यानं व्हिडिओ लावून फोन सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोनदा बघितला. स्टॅंडवरची गोष्ट आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि नव्या शर्टाच्या टोकानं पुसला. शरणम्मा दारातून बघत उभी होती.

"चांगली बोलली," सर म्हणाले. मग, वैजनाथकडं न बघता, "हे अकॅडमीला दे. त्यांना लागंल."

"सर, ह्यात ती म्हणते, दुसरीकडं कुठंच गेले न्हाई."

"तेवढं काप की. खोरी गल्लीचं पण काप. बाकी राहू दे."

वैजनाथला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. "सर, मी तुमच्यासाठी आणला होता."

"मला ठाऊक हाय बाबा." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू काय वाईट केलं न्हाईस. मी लई थकलो होतो रे. ते माझं ॲप पण बंद करून टाक आता. त्यात कोण येणार?" आणि त्यांनी शरणम्माला हाक मारली, "ह्याला शिरा दे. गार होलालाय."

दुपारी खोलीत वैजनाथनं व्हिडिओ कापला. बेचाळीस सेकंदांचा पस्तीस सेकंदांचा झाला. सांधा कुठं आहे ते कळतही नव्हतं. तो त्यानं अकॅडमीच्या फोल्डरात ठेवला. मग सरांचं फोल्डर, सगळ्यांत पहिलं केलेलं, उघडून एकदा बघितलं आणि पुसून टाकलं. लॅपटॉपनं विचारलं, नक्की का? त्यानं नक्की म्हणून सांगितलं. कमांड दिली. पंखा घरघरला आणि तेरा बिल्ड बाहेर पडली.

ह्या वेळी त्यानं अरीबवर सोडलं नाही. तेराही ॲप त्यानं एकामागून एक स्वतःच्या फोनवर टाकली, उघडली, प्रत्येकातले गुणवंतांचे चेहरे सावकाश, एकेक करून बघितले. बारा ॲपमध्ये तनुजा कुठंही नव्हती. तेराव्यात होती, अकॅडमीच्या सोनेरी चौकटीत, आणि सांगत होती की ती मडिवाळप्पा सरांची विद्यार्थिनी आहे.

"बराबर हाय ना भाई?" अरीबनं विचारलं.

वैजनाथनं पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं तपासलं. चूक एकही नव्हती.